बिऱ्हाड आणि उकिरडा

जबलपुरास बदली होऊन आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या तोंडी एक वाक्य फार लवकर बसते : "आपले काय, तीन वर्षांचे बिऱ्हाड!" या वाक्याच्या आश्रयाने अंगणात झाड लावले जात नाही, शेजाऱ्याशी ओळख वाढवली जात नाही, आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचा विचार तर मुळीच केला जात नाही. भाजीची देठे, चहाचा चोथा, रात्रीचे खरकटे, दुधाच्या पिशव्या आणि औषधांच्या बाटल्या एकाच बादलीत कोंबून दाराबाहेर ठेवल्या, की नागरिक म्हणून असलेले आपले कर्तव्य आटोपले असे आम्ही समजतो. या वृत्तीविरुद्ध चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. ते काहींना कडू लागतील. त्यास आमचा इलाज नाही.

बिऱ्हाड तीन वर्षांचे, हे खरेच. परंतु माणसाची बदली होते, त्याने टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीची होत नाही. सिव्हिल लाइन्समधील बंगला घ्या, रेल्वेची वसाहत घ्या, की खमरियाच्या कारखान्याची क्वार्टर घ्या. एकेका घरात साठ वर्षांत वीस बिऱ्हाडे सहज नांदून जातात. त्यांतील प्रत्येकाने स्वतःस पाहुणा मानले, तर घराला यजमान कधी लाभायचाच नाही. तात्पुरत्यांची ही अखंड परंपराच शेवटी कायमची होऊन बसते. पगार जबलपुरात घ्यावयाचा, पाणी नर्मदेचे प्यावयाचे आणि उकिरड्यापुरते मात्र परके व्हावयाचे, हा न्याय आम्हांस तरी समजत नाही.

यावर काही सुशिक्षित मंडळी दुसरा युक्तिवाद पुढे करतात. ते म्हणतात, "कचऱ्यासाठी कारखाना उभा राहिला आहे, आता आम्ही कशाला हात घाण करावेत?" कठौंदा येथे कचऱ्यापासून वीज निर्माण करण्याचा कारखाना २०१६ साली सुरू झाला. दररोज ६०० टन कचरा घेण्याच्या क्षमतेने तो उभारला गेला होता. पण असल्या कारखान्याची भट्टी ओल्याने कशी पेटणार? खरकट्यात निम्म्याहून पुष्कळ अधिक पाणीच असते. ते आटवण्यातच बरीचशी उष्णता खर्ची पडते. म्हणजे आमची भेसळीची बादली विजेस साह्य करीत नाही, तिच्यावर पाणी ओतते. आणि तेच खरकटे कचऱ्याच्या ढिगात हवेवाचून कुजले, तर त्यातून मिथेन वायू निघतो. वीस वर्षांच्या हिशेबाने पाहिले, तर पृथ्वी तापवण्याची त्याची शक्ती कर्बद्विप्राणिलाच्या सुमारे ऐंशी पट आहे.

याच प्रांतातील इंदूर शहर पाहा. तेथे २०२२ साली ओल्या कचऱ्यापासून वाहनांचे इंधन करणारा, दररोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. यंत्रे विकत मिळतात. परंतु त्या यंत्राला लागणारा स्वच्छ, निवडलेला ओला कचरा विकत मिळत नाही. तो घराघरांतूनच यावा लागतो. जाळण्याचे यंत्र असो की वायूचे, दोहोंचे यश शेवटी आमच्या ओट्याखालील दोन बादल्यांवर अवलंबून आहे.

इंदूरचे नाव निघालेच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगू. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत ॲल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर रचून, ओलावा व हवा राखून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत सिद्ध केली. १९३१ साली दोघांच्या नावाने ग्रंथ निघाला आणि ती पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. हॉवर्डसाहेबांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. वाडांचे नाव आमच्यांपैकी किती जणांनी ऐकले आहे? आणि ज्यांच्या बंगल्यापुढे पाव एकर मोकळी जागा आहे, ते फाल्गुनात गळलेली पाने पेटवून देतात आणि कुंड्यांसाठी खताची पिशवी बाजारातून आणतात! वस्तुतः एक छिद्रांचे मडके, त्यात एक थर खरकट्याचा नि त्यावर दुप्पट थर वाळल्या पानांचा, थोडे शेणपाणी, आणि आठवड्यातून एकदा ढवळणे, एवढाच हा व्याप आहे. घाण सुटली तर समजावे, की पाणी फार झाले आणि हवा कमी पडली. मूठभर सुकी पाने अधिक घालावीत.

आता आमच्या आवडत्या अभिमानाविषयी. मराठी स्वयंपाकघर काटकसरी, हे आम्ही परप्रांतीय स्नेह्यांना नित्य ऐकवतो. दोडक्याच्या शिरांची चटणी, फोडणीची पोळी, उरल्या भाताचे थालीपीठ यांची यादी आमच्या ओठांवर असते. पण ती आता ओठांवरच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालात भारतीय घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न, साली-देठांसह, वाया जाते असा अंदाज दिला आहे. चौघांच्या घरी हे दोन क्विंटलांहून अधिक झाले. हिवाळ्यात पाटण-शहपुऱ्याकडचा मटार येथे ढिगांनी येतो; सोलल्यावर सुमारे निम्मे वजन टरफलांचेच उरते. तीही प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकली जातात. मग गायीने ती पिशवीसकट खावीत आणि आम्ही गोमातेविषयी हळहळावे!

ही काटकसर पूर्वी जिने सांभाळली, तिच्या श्रमांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. म्हणून या विषयावर पुन्हा गृहिणींनाच उपदेश करण्याची आमची इच्छा नाही. आमचा रोख आहे तो साहेबांवर. कचेरीत स्वच्छतेची शपथ देणारे, ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याविषयीच्या नियमांची परिपत्रके सहीने पुढे धाडणारे हेच गृहस्थ घरी दुसरी बादली कोठे आहे हे सांगू शकत नाहीत. ज्या नियमावर आपण सही करतो, त्याचे पालन मोलकरणीवर सोपवणे यास शासन म्हणत नाहीत. मडके ढवळावयाचे ते साहेबांनी.

बांबूचे चमचे नि 'पर्यावरणस्नेही' डब्यांचे नवे संच मागवून मन शांत करणाऱ्यांनाही आमचे एवढेच सांगणे, की घरात असलेला स्टीलचा डबा आणि जुन्या धोतराची पिशवी यांहून स्नेही वस्तू अद्याप दुकानात आलेली नाही. नवी खरेदी ही काटकसर नव्हे.

बदलीचा हुकूम येईल तेव्हा येवो. त्या दिवशी सामानाबरोबर मडके नेता येणार नाही; ते खतासह पुढच्या बिऱ्हाडासाठी अंगणात ठेवून जावे. चार्ज देताना किल्ल्या आणि दप्तर जसे सोपवतो, तसेच तेही सोपवावे, आणि कसे ढवळावे ते येणाऱ्याला दाखवून द्यावे.