किती दुखतंय की काय अडतंय?

दोन महिने उजवा अंगठा मनगटापाशी ठणकत होता. आमच्या धंद्यात असल्या दुखण्याचा आरोपी ठरलेला: माउस! मी माउस बदलला, कीबोर्ड बदलला, मलम चोळलं, गोळ्या खाल्ल्या. थोडक्यात, लॉग न वाचताच कोड बदलत बसलो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. अंगठा मुठीत धरून त्यांनी मनगट करंगळीच्या दिशेने वाकवलं आणि मी खुर्चीतून उडालोच. याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. त्याचं आवरण जाड झालं की त्या घासायला लागतात. डॉक्टरांनी मला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं.

बाईंनी विचारलं, "शून्य ते दहा, किती दुखतं?"

"सहा."

"बरं. आणि या सहामुळे काय काय करता येत नाही?"

मी टायपिंगचं पुराण सुरू केलं. त्यांनी थांबवलं आणि सकाळी उठल्यापासूनचा सगळा दिवस सांगायला लावला. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. टायपिंगचा त्रास जेमतेम. खरी कळ यायची ती पाच महिन्यांच्या लेकीला उचलताना, अंगठे ताणून, तिच्या काखेत हात घालून, दिवसातून वीसदा. हल्ली तर मी तिला उचलायचंच टाळत होतो. हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

उपाय साधाच निघाला. काही आठवडे अंगठा आणि मनगट स्थिर ठेवणारा स्प्लिंट. शिवाय उचलायची नवी रीत: एक तळवा डोक्या-मानेखाली, दुसरा बुडाखाली, मनगट सरळ, अंगठा बोटांना चिकटलेला. आधी बाहुलीवर प्रॅक्टिस!

माझं मत विचाराल तर आकडा हवाच, पण माझ्या गेल्या आठवड्याशी या आठवड्याची तुलना करण्यापुरता. माझे सहा आणि तुमचे सहा एक नव्हेत. दुखण्याने कुठलं काम हिरावलं, हे कळल्याशिवाय इलाज अर्धाच.

आशियातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय कमला निंबकरांनी १९५० साली आपल्या मुंबईत, केईएममध्ये सुरू केलं. आणि आपण अजून एकमेकांना खुर्च्यांच्या किमती विचारतोय!

असो. लेक उठली वाटतं. उचलायला जातो.