वाटप पुरे, आता सेवा

नागपूर महानगरपालिकेत 2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. 15 जानेवारी 2026 रोजी निवडणूक होऊन शहराला पुन्हा लोकनियुक्त सभागृह लाभले आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक शीर्षाचा जाब विचारण्याचा अधिकार नगरसेवकांच्या हाती परत आला. रस्ते, गडरलाइन आणि पाणीपट्टी यांवर सभागृहात आवाज चढतील, आणि ते योग्यच होईल. परंतु ज्या एका शीर्षाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही, त्याकडे सभागृहाचे आणि करदात्या नागरिकांचे लक्ष वेधणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ते शीर्ष अपंग कल्याणाचे, आजच्या सरकारी परिभाषेत दिव्यांग कल्याणाचे होय. आणि त्यातही आम्हास बोलावयाचे आहे ते अपंग बालकांविषयी व त्यांच्या घरांविषयी.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी अपंगांसाठी निधी राखून ठेवावा हा दंडक महाराष्ट्रात नवा नाही. 1995 च्या कायद्यानंतर हे प्रमाण तीन टक्के होते. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आल्यावर 2018 साली राज्य शासनाने ते पाच टक्क्यांवर नेले. हा निधी खर्ची पडत नाही अशी ओरड राज्यभर होत आली आहे. 2017 साली नाशिक महापालिकेत आमदार बच्चू कडू यांची आयुक्तांशी जी चकमक उडाली, तिचे मूळ याच निधीत होते. त्यांची रीत आम्हास मान्य नाही. त्यांचा प्रश्न मात्र नाकारता येत नाही.

तथापि निधी खर्च होतो की नाही यापेक्षाही तो कशावर खर्च होतो हा प्रश्न आम्ही अधिक महत्त्वाचा मानतो. आपल्याकडची सर्वसाधारण वहिवाट वाटपाची आहे. मैदानावर मांडव पडतो, तीनचाकी सायकली रांगेने उभ्या राहतात, श्रवणयंत्रे, कुबड्या, काठ्या पाहुण्यांच्या हस्ते दिल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रे छापून येतात. (ती आम्हीही छापतो.) 2022 च्या ऑगस्टमध्ये रेशीमबागेत केंद्राच्या योजनांतून असाच मोठा कार्यक्रम झाला, आणि ज्यांना त्या दिवशी साहित्य मिळाले त्यांची सोय झाली यात शंका नाही. प्रौढ माणसाला सायकल मिळाली की त्याचे बरेचसे काम भागते. मुलाचे तसे नसते, कारण मूल वाढते. सहाव्या वर्षी पायाला बसवलेले कॅलिपर आठव्या वर्षी आखूड होते. श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा कानाबरोबर बदलावा लागतो, आणि वाचा-उपचार देणारे माणूस नसेल तर ते यंत्र कपाटात जाऊन पडते. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे अवयव ताठरले आहेत, त्या मुलाला व्यायाम हवा असतो तो रोज. गरज रोजची आणि मदत प्रासंगिक, असा हा विषम हिशेब आहे.

या हिशेबातील तूट भरून काढते ती आई. हुडकेश्वरच्या किंवा कळमन्याच्या टोकाहून मूल घेऊन मेडिकलला जायचे, रांगेत बसायचे, अर्ध्या तासाच्या उपचारासाठी सबंध दिवस घालवायचा. आणि बाप सोबत आला तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडायची. मध्यमवर्गीय घरातही चित्र फार निराळे नसते. तेथे आईची नोकरी सुटते, आणि ती का सुटली हे आप्तेष्टांत कोणी बोलत नाही, एवढाच काय तो फरक. पाच वर्षांचे मूल आई कडेवर घेऊन शाळेत पोहोचवते. तेच मूल बारा वर्षांचे झाले की ते तिला उचलत नाही, आणि नेमकी तेव्हाच त्याची शाळा सुटते. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे. अशा मुलाच्या नावापुढे हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा पडतो; कारण लिहिण्यासाठी तेथे रकाना नसतो.

कायद्याने हे सारे महापालिकेच्या दारात आणून ठेवले आहे. 2016 चा कायदा 2017 च्या एप्रिलात अमलात आला. शाळकरी वयाच्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून अपंग मुले हुडकून काढावीत, त्यांच्या गरजा नोंदवाव्यात, आणि पहिली पाहणी दोन वर्षांच्या आत पुरी करावी, असे तो शासनाबरोबर स्थानिक संस्थांनाही बजावतो. धोक्याची लक्षणे वेळीच ओळखण्यासाठी सर्व बालकांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, हेही त्यात आहे. ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक आहे, त्यांना सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत विनामूल्य शिक्षण, आणि तेही घराजवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, हा त्यांचा हक्क आहे.

मोजणीचा मुद्दा कोणाला कारकुनी वाटेल. तो तसा नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. 2021 ची गणना झालीच नाही. दरम्यान कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, थॅलेसेमिया आणि सिकलसेल त्यात आले. सिकलसेल हा तर विदर्भाच्या जिव्हाळ्याचा, खरे म्हणजे जिवाचा प्रश्न. त्यासाठी नागपुरात सिकलसेल सोसायटी उभी करणारे संपत रामटेके यांना 2018 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ते या कामात आले ते एका रुग्ण मुलाचे वडील म्हणून. वेदनेचा झटका आला की हे मूल आठ आठ दिवस शाळेबाहेर राहते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच व्यंग दिसत नाही. अशा मुलाची गणती तीनचाकी सायकलींच्या यादीत कशी होणार?

नागपुरास या कार्याची परंपरा नाही असे नाही. कमलाबाई होस्पेट यांनी 1921 साली येथे मातृसेवा संघ स्थापिला आणि त्याच संघाने मतिमंद मुलांसाठी पुढे 'नंदनवन' चालविले. दक्षिण अंबाझरी मार्गावरील अंध विद्यालय, शंकरनगरातील मूकबधिर विद्यालय यांना शहर ओळखते. पण या संस्था उभ्या राहिल्या तेव्हाचे नागपूर लहान होते. आज शहर पारडी, वाठोडा, जरीपटका यांच्याही पलीकडे पसरले आहे, आणि पूर्व नागपुरातील आईने मुलाला रोज पश्चिमेच्या टोकाला नेऊन आणावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहक आहेत. स्थानकापर्यंतच्या पदपथाचे काय, हे तेथून चालणाऱ्या कोणासही विचारावे.

आमची सूचना मर्यादित आहे. महापालिकेचे दहा झोन आहेत. पटसंख्या घटल्याने बंद पडलेल्या तिच्या मराठी शाळांच्या इमारती शहरात आहेत. प्रत्येक झोनमध्ये अशी एक इमारत घेऊन, तिच्या तळमजल्यावर भौतिकोपचार, वाचा-उपचार आणि विशेष शिक्षक यांची रोजची सोय करावी. मुलांना घरून आणण्यास एक वाहन ठेवावे. आणि आठवड्यातून काही तास तरी मूल तेथे सुरक्षित ठेवून आईला बाजारहाट, दवाखाना किंवा नुसती झोप घेता येईल असे करावे. शेवटची गोष्ट कोणास चैनीची वाटेल. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना ती वाटणार नाही. विशेष शिक्षकांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 2021 सालीच प्राथमिक स्तरावर दहा आणि वरच्या स्तरावर पंधरा अशा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे.

यावर दोन आक्षेप येतील. सेवांकडे पैसा वळवला तर आज ज्यांना रोख साहाय्य मिळते त्यांच्या तोंडचा घास जाईल, हा पहिला. तो आम्ही हलका मानत नाही. राज्याने 2025 साली निराधार योजनेतील अपंगांचे मासिक साहाय्य दीड हजारांवरून अडीच हजारांवर नेले, तरी अडीच हजारांत घर चालत नाही हे उघड आहे. म्हणून चालू साहाय्याला हात न लावता, अखर्चित राहणारा आणि समारंभांत जाणारा भागच प्रथम सेवांकडे वळवावा. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: केंद्र म्हटले की ठेकेदार आला, आणि ठेकेदार आला की फलक उरतो व उपचारक नाहीसा होतो. या शहराच्या अनुभवास तो धरून आहे. प्रत्येक केंद्राच्या देखरेख समितीत निम्मे सदस्य पालक असावेत आणि निधीचा झोनवार हिशेब दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावा, यापलीकडे त्यावर उपाय आम्हास दिसत नाही. राज्य शासनाने 2025 मध्ये कर्मचाऱ्यांच्या अपंगत्व प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली, ती योग्यच होय. मात्र मुलांची तपासणी याच केंद्रांवर शिबिर भरवून करावी, आईला आणखी एका रांगेत उभे करू नये.

सभागृहाच्या 151 सदस्यांपैकी कोणीही पुढच्या सभेत प्रशासनास एक साधा प्रश्न लेखी विचारावा. कायद्याने सांगितलेली पाहणी माझ्या प्रभागात कधी झाली, तीत किती मुले आढळली, आणि त्यांपैकी आज किती मुले शाळेत गेली?