पांचांतील एक : सांघिक खेळांतील नैपुण्य व आनंद

पडद्यावर खेळावयाचे खेळ चांगले कीं वाईट, हा वाद आतां जुना झाला. पालकवर्ग त्यांस कालापव्यय म्हणतो, विद्यार्थीवर्ग त्यांस विरंगुळा म्हणतो, आणि दोघेहि आपापल्या जागीं थोडेथोडे बरोबर असल्यामुळें वाद कांहीं मिटत नाहीं. त्याचा निवाडा करण्याचा आमचा विचार नाहीं. जो खेळ मुलें खेळतातच, त्यांत प्रगति कशानें होते, आणि आनंदासाठीं मांडलेल्या खेळांतून संतापच पदरीं कां पडतो, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे. खेळ वाईट रीतीनें खेळणें हें, आमच्या मतें, तो मुळींच न खेळण्याहून अधिक नुकसानीचें आहे.

उदाहरणादाखल ‘ओव्हरवॉच’ हा खेळ घेऊं. कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीनें तो २४ मे २०१६ रोजीं प्रसिद्ध केला. ही कंपनी त्यापूर्वीं ‘टायटन’ नांवाचा एक प्रचंड खेळ रचीत होती. तो बेत तिनें सोडून दिला, आणि पडलेल्या वाड्याच्या लांकडांतून नवें घर बांधावें तसा त्या सामग्रींतून हा खेळ उभा राहिला. प्रथम यांत सहा-सहा खेळाडूंचे दोन संघ असत. २०२२ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीनें मुख्य प्रकारांत पांच-पांचांचे संघ आणले. प्रत्येकानें एकेक वीर निवडावयाचा. वीरांचे वर्ग तीन : पहिला ‘टँक’, म्हणजे पुढें उभा राहून आघात सोसणारा, दुसरा ‘डॅमेज’, म्हणजे शत्रूवर मारा करणारा, तिसरा ‘सपोर्ट’, म्हणजे सोबत्यांस बरें करणारा व बळ देणारा. पांचांत पहिल्या वर्गाचा एक आणि उरलेल्या वर्गांचे दोन-दोन, अशी वांटणी असते. राइनहार्ट हा वृद्ध जर्मन योद्धा आपली भली थोरली ढाल पुढें धरतो. ट्रेसर ही चपळ तरुणी क्षणांत शत्रूच्या पाठीशीं जाऊन उभी राहते. मर्सी आपल्या दंडानें जखमी सोबत्यांस बरें करते. सिमेट्रा नांवाची नायिका तर भारतीय स्थपति म्हणून कल्पिलेली आहे. जय मात्र किती शत्रू पाडले यावर ठरत नाहीं. एखादी गाडी ठराविक ठिकाणीं पोंचविणें किंवा एखादी जागा ताब्यांत ठेवणें, हें ज्या संघास साधेल तो संघ जिंकतो.

या शेवटच्या वाक्यांतच आमचा सर्व मुद्दा सांठलेला आहे. बहुतेक मुलांची समजूत अशी कीं, नेम अचूक असला म्हणजे झालें. नेमाचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नेम हा एकट्याचा गुण आहे, आणि हा खेळ एकट्याचा नाहीं. पहिल्या आवृत्तींत डाव चालूं असतां खेळाडूस सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशीं पदकें दाखविण्याची चाल होती. तीं पदकें आपल्याच संघांतील सोबत्यांशीं तुलना करून मिळत. म्हणजे संघ पुरता धुळीस मिळाला तरी त्या पराभूत संघांतील कोणास तरी सुवर्णपदक मिळावयाचेंच! तें पाहून तो म्हणे, “मजकडे सुवर्ण आहे, तेव्हां दोष तुमचा.” पुढें २०२२ मध्यें हीं पदकें काढून टाकण्यांत आलीं व त्यांच्या जागीं सर्वांचे आंकडे दाखविणारा एक तक्ता आला. परंतु पदक गेलें तरी पदकाची वृत्ति गेली नाहीं. तक्त्यांत आपलें नांव वर दिसलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें मानणारे अद्याप पुष्कळ आहेत.

“मला सोबतीच वाईट मिळतात,” ही तक्रार आम्हीं वारंवार ऐकिली आहे. तिची परीक्षा साध्या गणितानें होते. डावांत दहा खेळाडू. त्यांत एक आपण. आपल्या बाजूस अनोळखी जागा चार, आणि समोर पांच. आपण स्वतः मन लावून खेळत असूं, तर कुचराई करणारा खेळाडू आपल्या बाजूस येण्यापेक्षां समोर येण्याचा संभव अधिकच. कारण आपली पांचवी जागा आपणच धरून बसलों आहोंत. एका डावांत दैव प्रतिकूल असेल, दहा डावांत असेल. परंतु शंभर डावांत सोबती बदलत जातात, प्रतिपक्षी बदलत जातात, आणि न बदलणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे आपण स्वतः. कांस्य श्रेणीपासून ग्रँडमास्टर श्रेणीपर्यंतची शिडी कोणी सोबत्यांच्या खांद्यावर बसून फार काळ चढत नाहीं, आणि सोबत्यांच्या ओढण्यानें फार काळ खालींहि राहत नाहीं. हा हिशेब कडू आहे खरा. परंतु तोच आशेचाहि आहे. दोष दुसऱ्याचा असता तर आपल्या हातीं उपाय नसता.

आतां उपाय कोणते, तें पाहूं.

पहिला उपाय एकत्र जाण्याचा. या खेळांत पडलेला वीर कांहीं सेकंदांनीं आपल्या आरंभस्थानीं पुन्हां उभा राहतो व तेथून त्यास रणभूमीपर्यंत चालत जावें लागतें. दोन सोबती पडले, तिघे उरले आणि समोर पांच आहेत, अशा वेळीं उरलेल्यांनीं मागें सरावें व सर्व जमल्यावर पुन्हां पुढें जावें. हें ऐकावयास सोपें आहे. पण उतावळा खेळाडू उठतांक्षणींच एकटा धांवतो आणि पडतो, मग दुसरा धांवतो आणि पडतो. एकेक करून जाणें म्हणजे एकाची पांचांशीं पांच वेळां झुंज. यांत शौर्य आहे असें त्यांस वाटतें. आम्हांस तें केवळ अधीरपण वाटतें.

दुसरा उपाय अस्त्रें राखण्याचा. प्रत्येक वीराजवळ एक मोठें अस्त्र असतें. मारा करून किंवा सोबत्यांस बरें करून तें हळूहळू सिद्ध होतें आणि एकदां वापरलें कीं पुन्हां आरंभापासून मिळवावें लागतें. झार्या आपल्या अस्त्रानें शत्रूंस एका जागीं खेंचून धरते. त्याच क्षणीं हांझोनें आपले दोन नाग त्या जागेवर सोडले, तर एकट्यानें जें होत नाहीं तें दोघांच्या मेळानें होतें. याच्या उलट, चकमक हरली हें स्पष्ट दिसत असतां रागाच्या भरांत एकामागून एक अस्त्रें उधळलीं, तर पुढची चकमकहि आधींच हरलेली असते. कृपणपणा आणि उधळेपणा यांच्या मधला विवेक येथें पावलोपावलीं लागतो.

तिसरा उपाय थोडें पण नीट शिकण्याचा. वीर पुष्कळ आहेत, आणि रोज नवा वीर घेऊन पाहण्याचा मोह होतो. आमचें मत असें कीं, नवशिक्यानें दोन किंवा तीन वीर निवडावे व त्यांचाच अभ्यास करावा. कोणत्या भिंतीच्या आडोशास उभें राहावें, कोणत्या उंचवट्यावरून सर्व दिसतें, परतीची वाट कोणती, हें हातांस व डोळ्यांस सवयीनें कळूं लागलें म्हणजे मन मोकळें होऊन सोबत्यांकडे पाहूं शकतें.

चौथा उपाय आत्मपरीक्षणाचा. २०१९ पासून खेळून झालेला डाव पुन्हां पाहण्याची सोय या खेळांत आहे. विजयाचे क्षण पाहण्यांत वेळ दवडूं नये. आपण जेथें जेथें पडलों, त्याच्या आधींचे पांच-सात सेकंद पाहावे व एकच प्रश्न विचारावा : मी येथें कां उभा होतों? बहुतेक वेळीं उत्तर नेमांत सांपडत नाहीं, जागेंत सांपडतें. आडोसा सोडला होता, सोबती मागें राहिले होते, किंवा परतीची वाट राखली नव्हती. असे तीन क्षण पाहणाऱ्याचा अर्धा तास हा न पाहतां खेळलेल्या चार तासांहून अधिक फलदायी होतो, अशी आमची खात्री आहे.

पांचवा उपाय वाणीचा, आणि आम्ही त्यास सर्वांत वरचें स्थान देतों. संघांतील खेळाडू एकमेकांशीं बोलूं शकतात. “डावीकडे वर एक आहे,” “मी मागें येतों,” “माझें अस्त्र तयार आहे,” हें बोलणें कामाचें. “तूं काय करतो आहेस?” हें बोलणें प्रश्नासारखें दिसतें, पण तें प्रश्न नव्हे, प्रहार आहे. ज्यास शिवी ऐकावी लागली तो पुढील क्षणीं अधिक चांगला खेळतो, असें कोणीं पाहिलें आहे काय? २०१८ मध्यें या खेळांत सोबत्यांस व प्रतिपक्ष्यांसहि डावाच्या अखेरीस शाबासकी देण्याची योजना सुरू झाली. ती चांगली आहे. परंतु जो सद्‌वर्तनाची शाबासकी मिळावी म्हणूनच सद्‌वर्तनी राहतो, त्याचें शिक्षण अपुरें राहिलें असें म्हणावें लागेल. पडद्यापलीकडचा अनोळखी सोबती दिसत नाहीं. तथापि तोहि कोणाच्या तरी घरांत बसलेला माणूसच आहे.

येथें एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखें आहे. ‘ओव्हरवॉच लीग’ ही व्यावसायिक संघांची स्पर्धा २०१८ पासून २०२३ पर्यंत चालली. पहिल्या वर्षीं शांघाय ड्रॅगन्स हा संघ चाळीस सामने खेळला आणि चाळीसहि हरला. २०१९ च्या फेब्रुवारींत त्यास पहिला जय मिळाला, आणि २०२१ मध्यें अंतिम सामन्यांत अटलांटा रेन या संघास चार विरुद्ध शून्य असें हरवून तोच शांघाय ड्रॅगन्स विजेता ठरला. ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगण्याचा मोह होतो. पण तसें केल्यास अर्धेंच सत्य सांगितल्यासारखें होईल. कारण मधल्या काळांत त्या संघांतील खेळाडू बदलले, जुळणी बदलली; नांव तेवढें राहिलें. मग तात्पर्य काय? हरण्याची रीत तीच ठेवून नुसते तास वाढविले तर हारच वाढते. संघ खेळाडू बदलूं शकतो. एकट्या विद्यार्थ्यास तसें करतां येत नाहीं. त्यास आपली संवय बदलावी लागते, आणि तें खेळाडू बदलण्याहून कठीण आहे.

आनंदाविषयीं आतां दोन शब्द. बरोबरीच्या खेळाडूंची गांठ घालून देणें हें या खेळाच्या यंत्रणेचें कामच असल्यामुळें, कितीहि निष्णात मनुष्य झाला तरी त्यास पुष्कळ डाव हरावेच लागतात. जो केवळ जिंकल्यासच सुखी होतो, त्यानें आपलें जवळजवळ अर्धें सुख आधींच परक्याच्या हवालीं केलें. म्हणून प्रत्येक डावास आपल्या हातांतील एक लहान हेतु ठेवावा : आज मी एकटा पुढें जाणार नाहीं, आज मी अस्त्र सोबत्यास सांगितल्याशिवाय वापरणार नाहीं. डाव हरला तरी हा हेतु साधतां येतो. आणि लागोपाठ दोन डाव हरल्यावर उठावें. हरल्याच्या रागानें मांडलेला तिसरा डाव हा खेळ नसतो, तें भांडण असतें.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. हा डाव मध्येंच थांबवून ठेवतां येत नाहीं, आणि स्पर्धेचा डाव अर्धवट सोडणाऱ्यास दंड होतो. शिवाय उरलेले चौघे अडचणींत येतात. तेव्हां ताट वाढल्यावर हांक मारून “आतांच्या आतां ऊठ” असें म्हणण्यापेक्षां, बसतांनाच “किती डाव?” असें विचारावें, आणि शेवटचा डाव केव्हां सुरू व्हावयाचा हें ठरवून घ्यावें. मुलांनींहि “शेवटचा एकच” या शब्दांचा अर्थ एकच असा ठेवावा. ज्याचा शब्द जेवणाच्या पाटावर पाळला जात नाहीं, त्याचा शब्द संघांत तरी कोण मानील?

या खेळांत बंदुका आहेत, हेंहि आम्ही झांकून ठेवीत नाहीं. अमेरिकेंतील वर्गीकरण मंडळानें तो तेरा वर्षें व त्यावरील वयासाठीं योग्य ठरविला आहे. तेव्हां खालच्या इयत्तांतील मुलांनीं तो खेळूं नये, हें उघड आहे. दुसरी आवृत्ति फुकट मिळते. विकत मिळतात ते मुख्यतः वीरांचे पोषाख. पोषाखानें नेम सुधारत नाहीं, म्हणून पैशाची किल्ली पालकांच्याच हातीं असावी. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आपल्या देशांत २०२५ च्या कायद्यानें निषिद्ध झाले असून ई-स्पोर्ट्स त्यांपासून वेगळे मानले आहेत. हा भेद पालकांनीं व मुलांनीं दोघांनींहि ध्यानांत ठेवावा.

पांचांतील एक होऊन राहणें हें लहान काम नव्हे. पुढें उभा राहून आघात सोसणाऱ्याची कीर्ति होत नाहीं. मागें राहून बरें करणाऱ्याचें नांव क्वचितच घेतलें जातें. तरी त्यांच्यावांचून जय नाहीं. घरांत, वर्गांत आणि पुढें संसारांतहि अशाच जागा बहुतेकांच्या वांट्यास येतात. त्या जागीं कुरकुर न करतां उभें राहण्याचा सराव एखाद्या खेळानें होत असेल, तर त्या खेळावर घालविलेला वेळ फुकट गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र तो सराव होतो आहे कीं नाहीं, हें श्रेणीवरून ओळखूं नये. डाव हरल्यावर तोंडून निघणाऱ्या पहिल्या शब्दावरून ओळखावें.