माशी की दुर्बीण?

१९७२च्या कायद्यानं आपल्याकडची शिकार संपली, शिकारकथांचा कैफ मात्र उतरला नाही. खरा शिकारी म्हणे माशीवरूनच नेम धरतो, दुर्बीण म्हणजे लबाडी! काय ही मर्दुमकी!

अमेरिकेतली आखूड विंचेस्टर ९४ घ्या. तिचं रिकामं काडतूस पूर्वी वरून उडायचं, त्यामुळे नळीच्या रेषेत दुर्बीण बसवणंच अवघड. या अडचणीचंच पुढे व्रत झालं. तिकडे १९४८च्या मार्लिन ३३६चं काडतूस बाजूनं पडतं, वर दुर्बीण खुशाल बसते.

तिन्हीसांजेला झाडीत खाच, माशी आणि हरीण एकाच वेळी स्पष्ट दिसणार कसं? चाळिशी लागलेल्यांनी तर बोलूच नये. पोटात गोळी घेऊन हरीण रात्रभर तडफडतं, त्याला तुमच्या व्रताचं काय? कमी ताकदीच्या दुर्बिणीत खूण आणि सावज एकत्र स्पष्ट दिसतात.

वजन वाढतं, पावसात काच धुरकटते, कबूल. फडकं असतं की खिशात!