शेवटच्या पानावरची तीन अक्षरे

माझे काका गवंडी आहेत. जांभा दगडाचा चिरा हातात घेताक्षणी तो भिंतीत कुठे बसेल हे ते सांगतात. पण आठवीत त्यांची शाळा सुटली. त्यामुळे त्यांच्या पारपत्राच्या शेवटच्या पानावर 'ई. सी. आर.' अशी तीन अक्षरे छापलेली आहेत. माझ्या पारपत्रावर ती नाहीत. का? तर मी दहावी उत्तीर्ण आहे!

या अक्षरांचा अर्थ असा की, आखाती देशांसह अठरा ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे तर आधी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी हवी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने ही व्यवस्था केली. अशिक्षित मजुराला दलालाने फसवू नये, करार लेखी असावा, विमा उतरलेला असावा, हा तिचा हेतू. हेतू उत्तमच आहे. पण दहावी झालेला, प्राप्तिकर भरणारा आणि पन्नाशी ओलांडलेला मनुष्य यातून सुटतो. जणू पन्नाशीनंतर कोणी फसतच नाही!

जानेवारी २०१८ मध्ये सरकारने अशा लोकांसाठी नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र काढण्याचे जाहीर केले. टीका झाली आणि त्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा कित्येकांप्रमाणे मीही म्हणालो, "हा दुजाभाव आहे, ही तपासणीच रद्द करा!"

मित्रहो, आज मी तसे म्हणत नाही. त्याच वर्षी काका मस्कतला गेले. दलाल म्हणाला, "परवानगीच्या भानगडीत कशाला पडता? भेटीच्या व्हिसावर चला, तिथे गेल्यावर सगळे होते." परवानगी लागते ती नोकरीसाठी जाणाऱ्याला, पाहुणा म्हणून जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. काका पाहुणे म्हणून गेले. मालकाने पहिल्याच दिवशी पारपत्र काढून घेतले. १९६७ च्या कायद्याप्रमाणे पारपत्र भारत सरकारच्या मालकीचे असते, हे काकांना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. चौथ्या महिन्यात परांचीवरून पडून त्यांचा पाय मोडला. हातात करार नव्हता. दोन वर्षांना अवघे २७५ रुपये हप्ता असलेला प्रवासी विमाही नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली तेव्हा ते घरी आले.

म्हणजे काकांचे नुकसान तपासणीमुळे झाले नाही, ती चुकवल्यामुळे झाले. आणि ती चुकवावीशी का वाटली? कारण ती तीन अक्षरे त्यांना संरक्षण न वाटता अडाणीपणाचा डाग वाटत होती.

माझा आक्षेप तपासणीला नाही, माणसावर शिक्का मारण्याला आहे. धोका कामात आणि करारात असतो, शालेय शिक्षणात नव्हे. सरकारलाही हे कळलेले आहे. २०१५ साली या देशांत जाणाऱ्या परिचारिकांनाही उत्प्रवास परवानगी सक्तीची झाली. परिचारिका काय दहावी नापास असतात? विमानतळावरच्या सीमाशुल्काचे पाहा. जाहीर करण्याजोगे सामान नसेल तर हिरवा मार्ग, असेल तर लाल. तिथे सामान विचारतात, गुणपत्रिका विचारत नाहीत. मग नोकरीसाठी जाणाऱ्याचीही कागदपत्रे तपासा! दलाल नोंदणीकृत आहे का, करार मजुराच्या भाषेत आहे का, विमा आहे का, हे पाहा. मग तो आठवी असो वा एम. ए.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करणार? आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. आठवड्यातून एक संध्याकाळ परदेशी निघालेल्यांची कागदपत्रे वाचून द्यायला काय हरकत आहे? करारातला पगार, कामाचे तास, व्हिसाचा प्रकार एवढे वाचून सांगायला दहावीचे इंग्रजी पुरते. ज्या दहावीने आपल्याला त्या तीन अक्षरांतून सोडवले, ती दुसऱ्याच्या उपयोगी पडू नये काय?

काका आता गावीच चिरे बसवतात. पारपत्र ट्रंकेत आहे. परवा धाकट्या चुलतभावाने मस्कतची गोष्ट काढली. काका त्याला एवढेच म्हणाले, "जा बाबा, पण आधी तो कागद दादाकडून वाचून घे."