तोतयाची जबानी

‘सुपरनॅचरल’ या अमेरिकन मालिकेच्या २००५ सालच्या ‘स्किन’ या भागात, सेंट लुईसच्या गटारांत दडणारा बहुरूपी जीव जेव्हा डीन विंचेस्टरचे हुबेहूब रूप धारण करून, जखडून ठेवलेल्या त्याच्या धाकट्या भावापुढे, सॅमपुढे, तू कॉलेजात गेलास आणि मी मात्र वडिलांपाशीच राहिलो, हा मुरलेला सल बेमुर्वतपणे बोलून दाखवतो, तेव्हा अंगावरची कातडी ओरबाडून काढण्याचा तो बीभत्स देखावाही, आमच्या मते, गौण ठरतो. (जेन्सन अ‍ॅकल्स यांची दुहेरी भूमिका वाखाणण्याजोगीच!) चेहऱ्यासमवेत स्मृतीही हरण करणाऱ्या या तोतयाची जबानी कितपत ग्राह्य मानावी, याचा निवाडा लेखक जॉन शायबन यांनी प्रेक्षकांवर सोपवला, हे उत्तम झाले. चांदीच्या गोळीने तो डीनच्याच रूपात मरतो खरा. परंतु सरकारदफ्तरी मयत म्हणून, शिवाय खुनाच्या ठपक्यासह, नोंद होते ती डीनची.