खेळणं थांबलं, मग पुढं काय?

पदवीचं शेवटचं वर्ष आलं की आपल्याकडच्या खेळाडूला घरचे एकच विचारतात, "खेळून पोट भरणार का?" लोहा असो, कंधार असो की अहमदपूर, पुढचं सगळं ठरलेलं असतं. झोनलची सर्टिफिकेटं फाइलमध्ये जातात आणि बूट पोलीस भरतीच्या धावण्यापुरते उरतात. भरतीची तयारी जरूर करा. पण त्याआधी एका माणसाचं करिअर बघा.

जेम्स नायस्मिथ, राहणारा कॅनडाचा. आई-वडील लहानपणीच गेले. मध्येच शाळा सोडून त्यानं लाकूडतोडीचं काम केलं आणि मग परत शाळेत आला. मॅकगिल विद्यापीठात रग्बी खेळला, जिम्नॅस्टिक्स केलं, नंतर धर्मशास्त्रही शिकला. पण चर्चऐवजी वळला व्यायामशाळेकडं. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, थंडीत पोरांना हॉलमध्ये काहीतरी खेळायला हवं म्हणून त्यानं पीचच्या दोन टोपल्या वर ठोकल्या आणि १३ नियम लिहिले. तेच आपलं बास्केटबॉल! पुढं डेन्व्हरला नोकरी करता करता तो डॉक्टर झाला. १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तिथल्या टीमचा पहिला कोच झाला.

आता गंमत बघा. ज्यानं हा खेळ काढला, त्याचा कोच म्हणून हिशेब आहे ५५ विजय आणि ६० पराभव. पण त्याच्याच टीममधला फॉग ॲलन पुढं त्याच विद्यापीठाचा नामांकित कोच झाला. खेळ माहीत असणं वेगळं, टीम जिंकवणं वेगळं आणि माणूस घडवणं आणखी वेगळं.

लांबचं उदाहरण वाटतं? मग जवळ या. माळेगावच्या यात्रेत कुस्त्या बघायला आपण गर्दी करतो, पण आखाड्यातून उतरल्यावर पैलवान काय करतो, हे कुणी विचारत नाही. निलंगा तालुक्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. खेळणं थांबल्यावर पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरांचे 'मामा' झाले. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली वाढला. २०११ मध्ये मामा गेले. त्यानंतर राहुलला घडवलं काका पवारांनी. तेही लातूर जिल्ह्याचे, स्वतः अर्जुन पुरस्कार मिळवलेले पैलवान. राहुलनं २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. त्या पदकांमागं आपल्याच भागातले दोन निवृत्त पैलवान उभे होते.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. कोच होणं म्हणजे हरलेल्याची नोकरी नव्हे. मात्र ते आपोआपही जमत नाही, शिकावं लागतं. बी.पी.एड. दोन वर्षांचं आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कोचिंगचा डिप्लोमा होतो. कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट लागते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत तर आंतरमहाविद्यालयीन किंवा त्यावरच्या स्पर्धांत खेळल्याची नोंदही मागितली आहे. थोडक्यात, ती झोनलची सर्टिफिकेटं रद्दीत घालू नका.

कॉलेजांनाही एक सांगायचंय. स्पर्धा आठ दिवसांवर आली की टीम गोळा करायची, ड्रेस वाटायचे आणि गाडीत बसवायचं, याला तयारी म्हणत नाहीत. तालुक्यात जुने खेळाडू आहेत. कुणी दुकान चालवतो, कुणी शेती बघतो. त्यांना संध्याकाळी मानधन देऊन ग्राउंडवर बोलवा. पोरांना कोच मिळेल आणि त्या खेळाडूला त्याचा खेळ परत मिळेल.

आणि मित्रांनो, तुम्ही डिग्रीच्या निकालाची वाट बघू नका. उद्यापासून रोज अर्धा तास अकरावीच्या पोरांना पास कसा द्यायचा, पकड कशी सोडवायची ते शिकवा. स्वतः जिंकल्यापेक्षा ते जिंकल्यावर जास्त आनंद झाला, तर पुढं काय करायचं हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.